महात्मा जोतीराव फुले आणि त्यांचे दत्तक चिरंजीव

आपल्या समाजाच्या कोणत्याही समारंभास आरंभ व्हावयाचा तो महात्मा जोतीराव व सावित्रीबाई ह्यांच्या तसबिरीस पुष्पहार अर्पण करूनच, हा आपला जुना शिरस्ता आहे. रे रोड, दारूखाना, घोडपदेव, माझगाव ह्या भागांत राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरी ती तसबीर भिंतीवर आहे. जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, अस्पृश्य गणलेल्या बांधवांसाठी आपला पाण्याचा हौद खुला केला, सत्यशोधक समाज स्थापन केला, ह्या गोष्टी आपल्या घरची शाळकरी मुलेही धडाधड सांगतात. परंतु जोतीराव हे एका मुलाचे वडील होते, तो मुलगा त्यांच्या पोटचा नव्हता, ज्ञातीचाही नव्हता, आणि तरीही त्याचे पितृत्व त्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत निभावले, ही हकीकत मात्र भाषणांतून क्वचितच ऐकू येते. ज्या घरात पाळणा हललेला नाही अशी कुटुंबे आपल्यात आहेत. वधूवर मेळाव्याच्या गर्दीत अशा घरची वडीलधारी माणसे आमच्यासारख्या वृद्धांस बाजूला घेऊन हळूच विचारतात की, मूल दत्तक घ्यावयाचे तर ते आपल्यातलेच मिळेल काय? त्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या तसबिरीस आपण हार घालतो त्यांच्याच चरित्रात आहे, म्हणून ह्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात झाला. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे व आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर फुलांच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. वडील गोविंदराव हे कष्टाळू, मानी व रूढीस धरून चालणारे गृहस्थ होते. आई चिमणाबाई मात्र मूल जेमतेम वर्षाचे असतानाच निवर्तल्या. तेव्हा ह्या तान्ह्या पोरास वाढविले ते सगुणाबाई क्षीरसागर ह्या नात्यातील एका बालविधवेने. ह्या सगुणाबाई मिशनरी गृहस्थाच्या घरी अनाथ मुलांचा सांभाळ करण्याचे काम करीत, असे चरित्रकार सांगतात. जन्म देणारी एक आणि वाढविणारी दुसरी, ह्याचा अनुभव जोतीरावांनी असा पाळण्यातच घेतला. पुढे त्यांनी जे केले त्याचे मूळ पुष्कळ लोक पाश्चात्त्य ग्रंथांच्या वाचनात शोधतात. ते वाचन होतेच. परंतु मला मात्र त्या मुळाचा एक धागा सगुणाबाईंच्या मांडीवर सापडतो.

१८४० साली त्यांचा विवाह नायगावचे खंडोजी नेवसे पाटील ह्यांची कन्या सावित्रीबाई ह्यांच्याशी झाला. वर तेरा वर्षांचा, वधू नऊ वर्षांची. स्कॉटिश मिशनच्या शाळेतील शिक्षण पुरे झाल्यावर १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा उघडली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकनिंदेच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले, हा सर्व इतिहास आपणांस परिचित आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही.

त्याच १८४८ सालची दुसरी एक घटना मात्र सांगितली पाहिजे. साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केला आणि राज्य खालसा केले. पुढे झाशीचेही तेच झाले. दत्तक म्हणजे गादी, वतन आणि वंश ह्यांचा प्रश्न, अशीच त्या काळी सर्वांची समजूत होती, मग ते संस्थानिक असोत की चार बिघे जमिनीचा धनी असलेला कुणबी असो. बडोद्यास १८७५ साली कवळाण्याच्या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेऊन सयाजीराव गायकवाड म्हणून गादीवर बसविले, आणि १८८४ साली कागलकर घाटग्यांचे चिरंजीव कोल्हापूरच्या गादीवर शाहू छत्रपती म्हणून दत्तक गेले. हे दोन्ही दत्तक महाराष्ट्रास भाग्याचे ठरले ह्यात संशय नाही. परंतु त्या प्रत्येक वेळी शोध चालला होता तो गादीसाठी मुलाचा. मुलासाठी घराचा शोध कोणी घेत नव्हते.

आता जोतीरावांच्या घरचा प्रश्न. लग्नास पुष्कळ वर्षे लोटली तरी सावित्रीबाईंस मूल झाले नाही. घरोघरी जे होते तेच येथेही झाले. गोविंदराव व नातेवाईक ह्यांनी जोतीरावांस दुसरे लग्न करण्याचा आग्रह सुरू केला, आणि असे सांगतात की खुद्द सावित्रीबाईंचे वडीलही त्या आग्रहात सामील झाले. त्या काळात तो लोकाचारच होता, त्यांस आपण दोष देऊ नये. जोतीरावांनी मात्र त्यास साफ नकार दिला. मूल न होण्याचा दोष बाईचाच कशावरून, आणि तो पुरुषाचा निघाला तर बाईने दुसरा नवरा घरी आणलेला पुरुषास चालेल काय, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी वडीलधाऱ्यांस केला म्हणतात. ह्या प्रश्नास तेव्हा कोणाकडे उत्तर नव्हते. आजही आपल्या कित्येक घरांत सुनेस एकटीलाच डॉक्टरांकडे धाडतात आणि मुलाची तपासणी करण्याची गोष्ट निघाली की सासूबाईंची मुद्रा बदलते. ह्यावरून जोतीराव किती पुढे होते, ह्यापेक्षा आपण किती मागे राहिलो आहोत हेच अधिक दिसते. असो.

मूल नाही म्हणून हे दांपत्य खंत करीत बसले नाही. १८६३ साली पुण्यात एक दुर्दैवी प्रकरण घडले. जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे ह्यांच्या घरी काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. एका शास्त्र्याने तिला फसविले, ती गरोदर राहिली, आणि अब्रूच्या भयाने तिने आपल्या तान्ह्या बाळाचा जीव घेतला. कोर्टाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. फसविणारा मोकळा राहिला व ती अंदमानास गेली. विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याने १८५६ सालीच मोकळीक दिली होती, पण कायदा कागदावर होता आणि केशवपन डोक्यावर होते. ह्या प्रकरणाने जोतीराव व सावित्रीबाई ह्यांचे मन विदीर्ण झाले, आणि त्यांनी जुन्या गंजातील आपल्या राहत्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले.

ह्या गृहाची जाहिरात त्यांनी पुण्यातील ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर लावली. फसलेल्या विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे अथवा येथे ठेवून जावे, असा त्या जाहिरातीचा आशय होता. तो वाचून शहरात काय गदारोळ झाला असेल ह्याची कल्पना सुज्ञ वाचकांनीच करावी. माळ्याच्या घरात ब्राह्मण विधवांचे बाळंतपण, आणि सुईणीच्या जागी खुद्द घरची मालकीण! १८८४ सालच्या आपल्या एका निवेदनात जोतीरावांनी ह्या गृहाचा हिशेब सरकारपुढे मांडला आहे. तोपर्यंत ३५ विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या, त्यांची ५ मुले जिवंत राहिली आणि ३० दगावली. गरोदरपण लपविण्यासाठी ह्या बायांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातल्या गर्भास इजा झालेली असे. तीस मुले आपल्या हातांत मेलेली पाहणे म्हणजे काय, हे ज्या माउलीने एक मूल गमावले आहे तिलाच विचारावे. एवढे पाहूनही सावित्रीबाईंनी दार लावून घेतले नाही. १८७७ च्या दुष्काळात अन्नान्न करीत फिरणाऱ्या पोरांसाठी धनकवडीस बालाश्रम चालला, तेथेही त्या होत्या.

त्या गृहातच १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाचीच दुसरी एक ब्राह्मण विधवा आली. ती नदीवर जीव देण्यास निघाली असता जोतीरावांनी तिला परावृत्त करून घरी आणले, असे चरित्रकार लिहितात. ती बाळंत होऊन मुलगा झाला. त्या मुलास जोतीराव व सावित्रीबाई ह्यांनी १८७४ साली आपला म्हणून घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेविले.

येथे क्षणभर थांबून त्या काळचा धर्मशास्त्राचा व कोर्टाचा नियम ध्यानात घेतला पाहिजे, म्हणजे जोतीरावांनी काय केले ते कळेल. दत्तक घ्यावयाचा तो मुलगाच, मुलगी नव्हे. तो आपल्याच ज्ञातीतील हवा, शक्यतो भाऊबंदांतील. देणारे आईबाप हजर हवेत, म्हणजे अनाथ मुलाचे दत्तकविधान होतच नसे. आणि हे सारे कशासाठी? तर पितरांस पिंड मिळावा आणि वतन घरात राहावे म्हणून. यशवंत ह्या कसोटीवर कोठेच बसत नव्हता. ज्ञात निराळी, जन्म लोकांच्या लेखी कलंकित, बापाचा ठावठिकाणा नाही. पिंडाविषयी जोतीरावांची मते प्रसिद्धच आहेत, तेव्हा पिंडासाठी त्यांनी पोर घेतले असे त्यांचे शत्रूही म्हणू शकले नाहीत. शिवाय पिंड आणि इस्टेट ह्यांसाठीच मुलगा हवा असता तर थोरल्या पातीतील पुतणे होतेच. एका पोराला घर नव्हते व ह्यांच्याकडे घर होते, एवढेच कारण पुरेसे झाले.

यशवंताच्या जन्माची गोष्ट ह्या दांपत्याने कधी झाकून ठेविली नाही. गृहाची जाहिरात चव्हाट्यावर लावलेली, तेथे जन्मलेले मूल मांडीवर घेऊन बसलेले, लपविणार काय? पण त्यांनी लपविण्याचा प्रयत्नही केला नाही, ह्यास महत्त्व आहे. आपल्याकडे दत्तक घेतलेले घर मूल आणताच बिऱ्हाड बदलते, गाव सोडते, बाईस काही महिने माहेरी ठेवून मग बाळ घेऊन येते, आणि पुढे वीस वर्षांनी लग्नाच्या बैठकीत कोणी तरी दूरची मावशी ते गुपित फोडते. मास्तरकी करताना अशी मुले मी पाहिली आहेत. दत्तक असल्याचे दुःख त्यांना नव्हते, ते इतरांना आधी कळले ह्याचे होते. यशवंताच्या वाट्यास लोकांचे टोमणे भरपूर आले असतील, परंतु घरात मात्र त्यास अंधारात ठेविले गेले नाही.

मुलास आपले म्हणणे सोपे, त्याचे पाय जमिनीवर पक्के रोवून देणे अवघड. जोतीराव व्यवहारी गृहस्थ होते. बांधकामाची कंत्राटे घेणारा, नगरपालिकेचा सभासद राहिलेला हा माणूस, कागद काय करू शकतो व कागद नसला तर काय होते हे तो ओळखून होता. १० जुलै १८८७ रोजी त्यांनी आपले मृत्युपत्र रीतसर नोंदवून ठेविले. त्यात सावित्रीबाईंनी यशवंतास जन्मापासून स्वतःच्या मुलाप्रमाणे वाढविल्याची हकीकत आहे व त्यास वारस केले आहे. ज्या मुलाचा दत्तकपणा शास्त्र व कोर्ट दोन्ही ठिकाणी डळमळीत ठरण्याचा संभव होता, त्याचा हक्क त्यांनी अशा रीतीने बळकट केला असावा, असे मला वाटते. परंतु हे मृत्युपत्र आंधळ्या मायेचे नाही. यशवंत विद्या न करता उनाड निघाला, तर माळी, कुणबी, धनगर इत्यादी लोकांनी बहुमताने एखादा लायक मुलगा निवडून त्यास वारसा द्यावा, अशीही तजवीज त्यात आहे. तेव्हा तेरा वर्षांच्या असलेल्या त्या पोरास ही अट किती जाचली असेल कोण जाणे! काहींना ती कठोर वाटेल. मला ती पोटच्या मुलास दटावणाऱ्या बापाची वाटते, परक्या पोराशी कोणी इतक्या हक्काने बोलत नाही.

आता आपल्या मुंबईकडे वळू. ज्या लॉर्ड रे ह्यांच्या नावाने आपला रस्ता व स्टेशन ओळखले जाते ते १८८५ ते १८९० ह्या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकिर्दीत, ११ मे १८८८ रोजी, आपल्या येथून फार दूर नसलेल्या मांडवीच्या कोळीवाड्यात मोठी सभा भरून रावबहादूर विठ्ठलराव वंडेकर ह्यांच्या हस्ते जोतीरावांस महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. आपलेच ज्ञातिबांधव व गिरणी कामगारांचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्या सभेच्या खटपटीत होते. मुंबईच्या कष्टकरी लोकांनी दिलेली ही पदवी आज सर्व देशाने मानली आहे.

दोनच महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये, जोतीरावांस अर्धांगवायूचा झटका येऊन शरीराची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर विश्राम रामजी घोले ह्यांनी औषधोपचार केले. त्या आजारातही त्यांनी डाव्या हाताने लिहून सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. ते त्यांच्या पश्चात १८९१ साली प्रसिद्ध झाले. आणि त्याच आजारात त्यांनी मुलाच्या लग्नाची काळजी वाहिली. सामाजिक सुधारणांवर टाळ्या देणारे पुष्कळ भेटतात, परंतु विधवेच्या पोटच्या, जातीबाहेरच्या मुलास आपली मुलगी देणारा बाप शोधावा लागतो. असा बाप मिळाला तो हडपसरचे सत्यशोधक ग्यानोबा कृष्णाजी ससाणे. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांची कन्या राधा ऊर्फ लक्ष्मी हिचा विवाह यशवंताशी सत्यशोधक पद्धतीने झाला. लग्नापूर्वीच सावित्रीबाईंनी ह्या मुलीस आपल्या घरी आणून ठेविले, तिच्या शिक्षणाकडे लक्ष दिले आणि घराची व तिची ओळख होऊ दिली, असे सांगतात. आपल्या समाजाच्या इतिहासात जोतीरावांचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले जाते ते योग्यच आहे. ससाणे ह्यांचे नाव त्याखाली निदान बारीक अक्षरांत तरी असावयास हवे होते. कारण जोतीरावांनी मूल घेऊन जे अर्धे काम केले, ते समाजाच्या वतीने ह्या गृहस्थाने पुरे केले.

सर्वांनीच तसे केले नाही. २८ नोव्हेंबर १८९० च्या पहाटे जोतीरावांचे निधन झाले. मिठात घालून पुरावे अशी त्यांची इच्छा होती, परंतु नगरपालिकेने राहत्या घराच्या आवारात दफनास परवानगी न दिल्याने दहन करणे प्राप्त झाले. अंत्ययात्रा निघण्याच्या वेळी टिटवे कोणी धरावयाचे ह्यावरून वाद उपस्थित झाला. जो टिटवे धरील तो वारस, अशी रूढी. पुतण्यांकडील मंडळींनी दत्तक मुलाच्या हक्कास हरकत घेतली. ज्या माणसाने सारी हयात जन्मावरून माणसास कमी लेखू नये म्हणून वेचली, त्याच्या प्रेतापाशी त्याच्याच मुलाचा जन्म काढला गेला! तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे स्वतः उचलले, अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या आणि अग्नी दिला. बाईने असे करणे त्या काळात अघटित होते आणि सावित्रीबाईंचे धैर्य म्हणून त्या प्रसंगाचे वर्णन नेहमी केले जाते. त्यात एक आईही होती, हे मात्र वर्णन करणारे विसरतात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बाजूस उभा राहून आपल्या बापाच्या तिरडीपाशी चाललेली आपली चिकित्सा ऐकत होता, आणि तो वाद थांबविण्याचा एकच मार्ग त्या माउलीस दिसला.

आज काळ पुष्कळ पालटला आहे, म्हणून दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी थोडी व्यवहाराची माहिती येथेच देतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने ज्ञातीचे बंधन काढले, मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, आणि पत्नीची संमती आवश्यक ठरली. आईबापांनी टाकलेल्या वा अनाथ मुलांसाठी मुलांच्या न्याय व संरक्षणाचा निराळा कायदा असून त्याप्रमाणे सर्व कारभार केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत चालतो. त्यास सर्वजण कारा म्हणतात. आरंभ करावयाचा तो ह्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून. घरातील शिकलेला मुलगा वा मुलगी अर्ध्या तासात हे काम करील. जन्माचा, विवाहाचा, उत्पन्नाचा व वैद्यकीय दाखला आणि छायाचित्रे लागतात. नंतर मान्यताप्राप्त संस्थेची समाजसेविका घरी येऊन माणसे, घर व मनाची तयारी पाहते आणि अहवाल लिहिते. चाळीतील दहा बाय बाराची खोली पाहून ती नाक मुरडील अशी भीती पुष्कळांस वाटते. तिला पाहावयाचे असते ते घराची लांबीरुंदी नव्हे, तर येणाऱ्या मुलाविषयी आजी-आजोबांसह सर्वांचे एकमत आहे किंवा नाही. दांपत्याच्या विवाहास दोन वर्षे झालेली असावी लागतात. त्यानंतर पाळी येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि तान्ह्या बाळासाठी ती वाट काही वर्षांची असते, हे आधीच मनाशी धरावे. म्हणून देवधर्म, नवस, उपचार ह्यांत चाळिशी उलटेपर्यंत थांबू नये. दोन वर्षांखालील मूल हवे असल्यास पतिपत्नींच्या वयाची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० पर्यंत चालते. १८७४ साली जोतीराव ४७ वर्षांचे व सावित्रीबाई ४३ वर्षांच्या होत्या, म्हणजे आजच्या नियमाने त्यांस तान्हा यशवंत मिळाला नसता!

मूल ताब्यात आल्यानंतर दत्तकाचा हुकूम पूर्वी कोर्टातून होई, २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. ज्ञातीची अट ह्या मार्गात घालता येत नाही, तेव्हा आपल्यातलेच मिळेल काय ह्या प्रश्नास येथे जागाच उरत नाही. प्रसूतिगृहातून कोणा ओळखीच्या परिचारिकेमार्फत परस्पर बाळ आणणे हा मात्र गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपये दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात, आणि असे आणलेले मूल पुढे हातचे जाते ते निराळेच. मूल सोपवून देणाऱ्या आईस आपला निर्णय फिरविण्यासाठी दोन महिन्यांची मुदत कायद्याने ठेविली आहे. बाळ न्यावे अथवा ठेवावे, ही निवड जोतीरावांच्या त्या जाहिरातीत आईवरच सोपविली होती, ते येथे आठवते. आपल्या भागातून जवळ म्हणजे माटुंग्याचा श्रद्धानंद महिलाश्रम. बालहत्या प्रतिबंधाच्या कार्यातूनच १८७५ साली उभे राहिलेले पंढरपूरचे नवरंगे बालकाश्रम वारीस जाणाऱ्या आपल्या कित्येकांनी बाहेरून पाहिले असेल, एकदा आत जाऊन यावे.

यशवंताची हकीकत पुरी करावयाची राहिली. मृत्युपत्रातील अट त्याच्यावर लागू करण्याची वेळ आली नाही. तो शिकला, डॉक्टर झाला आणि लष्करात नोकरीस लागला. पत्नी लक्ष्मी १८९५ साली वारली. १८९६ साली प्लेगाची साथ प्रथम आपल्या मुंबईत मांडवी भागातच सुरू झाली. लोखंडे त्याच साथीत १८९७ च्या फेब्रुवारीत गेले. साथ पुण्यास पोहोचली तेव्हा सावित्रीबाईंनी मुलास बोलावून घेतले आणि डॉक्टर यशवंतांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. जागा सासऱ्यांच्या घराण्याची, हात मुलाचे आणि रोगी आणून पोहोचविणारी आई, असा तो दवाखाना होता. मुंढव्याच्या एका पोरास प्लेग झाल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्यास पाठीवर घेऊन तेथे आणले. पोर वाचले. त्यांना मात्र लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेविला.

आईच्या पश्चात यशवंत पुन्हा लष्करी नोकरीवर रुजू झाले. त्यांनी दुसरा विवाह केला. पुढे प्लेगाच्याच साथीत, रोग्यांची सेवा करीत असता, तेही गेले. मागे पत्नी चंद्रभागाबाई व एक लहान मुलगी राहिली. जोतीरावांचे ग्रंथ, कागदपत्रे, चीजवस्तू ह्यांचा त्या एकट्या विधवेस सांभाळ होईना, उदरनिर्वाहाचीच भ्रांत पडली. अखेर जुन्या गंजातले ते घर त्यांना विकावे लागले आणि त्यांचे शेवटचे दिवस पुण्याच्या रस्त्यावर निराधार स्थितीत गेले, असे संशोधकांनी शोधून काढले आहे. त्या वेळी पुण्यात व मुंबईत आपल्या ज्ञातीची मंडळे होती, बोर्डिंगे होती, सभा-संमेलने भरत होती. घर आज शासनाचे संरक्षित स्मारक असून त्यास फुलेवाडा म्हणतात. जोतीरावांची समाधी व तो पाण्याचा हौद तेथे आहे, आणि ज्या घरात ३५ विधवा बाळंत झाल्या व यशवंताचा जन्म झाला ते हेच घर होय.